खोल बाजूचे चार बोल्ट

पुण्यात मी ज्या तलावावर शिकवते, त्याच्या खोल बाजूला, काठापासून थोडं मागे, सिमेंटात रुतलेले चार बोल्ट आहेत. गंजलेले, अंगठ्याएवढे जाड. कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून त्यांच्यावर रबरी पाइपाचे तुकडे बसवलेत. दर उन्हाळ्यात नव्या बॅचमधलं एक तरी पोर विचारतंच, "मॅडम, हे काय आहे?" यंदा विचारणारी सात वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेली. म्हटलं, इथं फळी होती, सूर मारायची. तिनं बोल्टांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग आता सूर कुठून मारायचा?"

बॅच संपायला पाच मिनिटं होती. तेवढ्यात सांगण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून इथं लिहिते आहे.

माझं लहानपण सोलापूरचं. उन्हाळ्यात दुपारचा पारा ४२-४३ पर्यंत जायचा आणि सकाळी साडेसहाची बॅच हेच काय ते सुख. आमच्या तलावावरची फळी लाकडी होती, वर काथ्याची चटई खिळ्यांनी ठोकलेली. ती तळपायाला टोचायची, पण पाय घसरू द्यायची नाही. ओल्या काथ्याचा तो वास आजही कुठं आला तरी माझे दंड आपोआप कानांकडे जातात. पोहून घरी आलं की कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. पहिल्या दोन भाकऱ्या संपेपर्यंत घरात कुणी माझ्याशी बोलत नसे.

सरांनी पहिले तीन महिने मला फळीवर पाऊल ठेवू दिलं नाही. आधी काठावर बसून सूर. पाय पन्हळीवर, दंड कानांना चिकटलेले, हनुवटी किंचित आत, आणि कलंडायचं. ढकलायचं नाही, नुसतं कलंडायचं. मग एका गुडघ्यावर बसून. मग वाकून उभं राहून. आठवडेच्या आठवडे तेच. सर बघायचे एकच गोष्ट: पाण्यात शिरताना हात सुटले का? सुटले की पुन्हा काठावर.

हातांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की सूर मारणारा नमस्कारासारखे हात जोडून, बोटं टोकदार करून आत शिरतो. तसं नसतं. एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं पकडायची, मनगट मागे मोडायचं आणि तळवा सपाट पाण्याकडे ठेवायचा. तो सपाट तळवा पाण्याला भोक पाडतो आणि बाकीचं शरीर त्या भोकातून आत जातं. नीट जमलं की कापड टरकावल्यासारखा आवाज होतो आणि वर शिंतोडे जवळजवळ उडतच नाहीत. त्या एका आवाजासाठी मी किती वर्षं घातली! पण स्पर्धा सोडल्यावर मला कळलं की हातांचं दुसरं काम त्या आवाजापेक्षा मोठं आहे. वाटेत काही आलंच, तर ते आधी हातांना भेटावं, डोक्याला नाही. आणि पाण्यात शिरल्यावर पुढची दिशाही हातच ठरवतात. बोटं वर वळवली, पाठ किंचित कमानीसारखी केली, की शरीर आपोआप वर यायला लागतं. हात सुटलेले असले तर डोकं पुढे आणि दिशा कुणाच्याच हातात नाही.

खरी स्प्रिंगबोर्ड फळी मी पहिल्यांदा बालेवाडीला पाहिली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल बांधलं गेलं आणि त्यानंतर मी तिथं राज्यस्तरावर दोनदा उतरले. ॲल्युमिनियमची फळी, सोळा फूट लांब, दोन वितींहून थोडी जास्त रुंद, वर वाळूकागदासारखा खरखरीत थर. मधोमध तिच्या खाली एक आडवा रूळ आणि बाजूला मोठं चाक. पायानं ते चाक फिरवलं की रूळ पुढे-मागे सरकतो. मागे घेतला की फळी लवचीक होते आणि जास्त उसळते, पुढे आणला की ताठ होते. माझ्या आधीची मुलगी माझ्यापेक्षा चांगली पंधरा किलोनं जड आणि अनुभवी होती. तिनं रूळ मागे ठेवला होता. मी चाक न बघताच वर चढले. तीन पावलं, गुडघा वर, टोकावर दोन्ही पाय, आणि फळीनं मला अशी फेकली की हवेत माझा मेळ पूर्ण सुटला. पाठीवर पडले. पाठ आठवडाभर लालभडक होती. सरांनी ओरडा दिला नाही. "चाक बघितलंस?" एवढंच विचारलं.

त्याच दिवशी परतीच्या एसटीत त्यांनी ग्रेग लुगानिसची गोष्ट सांगितली. १९८८, सोल ऑलिंपिक, तीन मीटरची फळी, प्राथमिक फेरी. जगातला सर्वांत चांगला सूर मारणारा माणूस. पुढे उडी घेऊन मागे, म्हणजे फळीच्या दिशेनं कोलांट्या घेण्याचा प्रकार. उडी सरळ वर गेली, फळीपासून पुरेशी लांब गेली नाही, आणि फिरताना डोकं फळीच्या टोकावर आपटलं. टाके घालून तो परत आला आणि त्यानं सुवर्णपदक जिंकलं. गाडीतल्या सगळ्या मुलांना पदकाचा भाग आवडला. सर मात्र पुन्हा पुन्हा पहिल्या भागावर येत होते. फळीवर फळीचाच धोका असतो, म्हणायचे. आधी लांब जा, मग उंच जा.

एवढं सगळं शिकलेली मी. आता जे सांगायचं आहे ते याच्यापुढचं.

माझा आजोळचा गाव मोहोळजवळ. मामाच्या मळ्यात दगडी बांधणीची विहीर, आत उतरायला पायऱ्या. सगळी मामे-मावस भावंडं तिथंच पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकली. मामा विहिरीचा हिशेब पायऱ्यांवर करायचा. पावसाळ्यानंतर पाणी अगदी वर असायचं. पुढे जसजशी मोटार चालायची तसतसं ते उतरत जायचं. सातवी पायरी उघडी पडली की मामा जेवताना जाहीर करायचा, "आजपासून सूर बंद. मुटका मारा." मुटका म्हणजे अंग मुडपून बसल्यासारखी मारलेली उडी. दहावी उघडी पडली की मुटकाही बंद, पायऱ्यांनी उतरायचं आणि पोहायचं. वैशाखात विहिरीच्या तळाशी गाळ असतो, पडलेले दगड असतात, मोटारीचा पाइप असतो, आणि दिवाळीत जिथं तुम्ही बिनधास्त उडी मारली तिथंच ते सगळं चार-पाच फुटांवर आलेलं असतं. आम्हाला वाटायचं, मामा उगाच कडक आहे.

त्या विहिरीत मी माझ्या मामेभावाला सूर शिकवला. मी बारा वर्षांची, तो आठ. सर मला जे सांगायचे ते सगळं मी त्याला सांगायची: दंड कानाला, हनुवटी आत, हात सोडायचे नाहीत. तो माझ्यापेक्षा लवकर शिकला. मला 'अक्का' म्हणायचा आणि प्रत्येक उडीच्या आधी ओरडायचा, "अक्का, बघ की!"

२००३ मध्ये एका लग्नानंतर आम्ही सगळी भावंडं एका फार्महाउसवर गेलो होतो. तिथं छोटा तलाव होता. संध्याकाळ झालेली, पाण्याखाली दिवे लागलेले, निळीशार फरशी. मी काठावर पाय सोडून बसले होते. तो बावीस वर्षांचा, विहिरीत वाढलेला, पट्टीचा पोहणारा. पळत आला, "अक्का, बघ की!" म्हणाला आणि सूर मारला.

सूर सुंदर होता. हे मला आजही सांगावंसं वाटतं. शिंतोडे उडाले नाहीत.

तो पालथा तरंगत वर आला. काही क्षण सगळे हसत होते, त्यांना वाटलं नाटक करतोय. मग दोघांनी त्याला दंडांना धरून ओढलं आणि मीही हात लावला. मान धरायची असते, पाण्यातच ठेवायचं असतं, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. इतकी वर्षं तलावावर काढून मला ते कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. सोलापूरला डॉक्टरांनी फोटो दाखवला. मानेत सात मणके असतात. त्यातला पाचवा फुटला होता आणि सहाव्यावर सरकला होता.

अतिदक्षता विभागात त्याला बोलता यायला लागलं तेव्हा त्यानं मला पहिला प्रश्न विचारला, "अक्का, पाणी किती होतं गं?"

मला माहीत नव्हतं. तिथं असलेल्या चौदा जणांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. काठावर कुठंही आकडा लिहिलेला नव्हता. आठवड्यानं मी एकटी परत गेले, शिवणाचा टेप काठीला बांधून पाण्यात सोडला. चार फूट दोन इंच.

मी त्याला सूर शिकवला होता, पाणी बघायला शिकवलं नव्हतं. मामाच्या पायऱ्या आम्हा दोघांनाही पाठ होत्या, पण तिथं मोजायला पायरी नव्हती आणि पायरी नसली की काय करायचं हे आमच्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्यानंतर मी वाचायला, विचारायला लागले. हिशेब शाळेतला आहे. एक मीटर उंचीवरून नुसतं पडलं तरी पाण्याशी पोचताना वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास असतो. तीन मीटरवरून अठ्ठावीस. दहा मीटरच्या मनोऱ्यावरून पन्नास. लोक मनोऱ्याकडे बघून घाबरतात, पण मनोऱ्याखाली किमान साडेचार मीटर पाणी असावं लागतं आणि वर चढणारा माणूस शिकलेला असतो. कमरेएवढ्या पाण्यात पळत येऊन सूर मारला तर मान मोडायला ताशी पंधरा-सोळा किलोमीटरही पुरतात. त्या वेगानं एक मीटर पाणी पार करायला पाव सेकंद लागतो, म्हणजे पापणी लवते तेवढा वेळ. हात आवरायला, दिशा बदलायला सवडच नसते. टाळू तळाला लागते, डोकं थांबतं, आणि मागून येणारं सगळं धड थांबत नाही. ते वजन मानेच्या मणक्यांवर येतं. म्हणून मान मोडण्याचे अपघात उंच फळीखाली कमी आणि उथळ पाण्यात जास्त होतात. धिप्पाड, तरुण, पोहता येणारी मुलंच यात सापडतात, कारण न पोहणारा माणूस डोक्यावर उडी मारतच नाही.

आणि डोळे इथं काही कामाचे नाहीत. पाण्यातून येणारा प्रकाश वाकतो, त्यामुळे तळ असतो त्यापेक्षा वर उचललेला दिसतो. बरोबर वरून पाहिलं तर चार फूट पाणी तीन फुटांसारखं दिसतं. काठावरून तिरकं पाहिलं तर आणखी उथळ दिसतं, आणि लांबची खोल बाजूसुद्धा जवळच्या उथळ बाजूसारखीच भासते. सगळा तळ सपाट वाटतो. मी मुलांना एका टोकाला उभं करून विचारते, तलाव कुठून खोल होतो? दहापैकी नऊ चुकीच्या जागी बोट दाखवतात. मीही चुकते. म्हणून आता मी डोळ्यांना विचारतच नाही.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे उतार. काही छोट्या तलावांची खोल जागा खळग्यासारखी असते, फळीच्या बरोबर खाली खोल आणि पुढे लगेच चढ. सूर मारणारा सरळ खाली जात नाही, पुढे जातो. खोल भाग ओलांडून तो समोरच्या चढावर आपटतो. म्हणून स्पर्धेच्या नियमांत नुसती खोली लिहिलेली नसते. एक मीटरच्या फळीला टोकाखाली किमान ३.४ मीटर पाणी हवं आणि पुढे पाच मीटरपर्यंत ते जवळजवळ तितकंच राहायला हवं.

हे वाचलं त्या दिवशी मी पुण्यातल्या आमच्या तलावाची खोल बाजू मोजली. फळी काढली तेव्हा मी फार भांडले होते. अपघाताच्या भीतीनं काढली होती आणि मला वाटत होतं, भित्रेपणा आहे. बांबू टाकला तर साडेनऊ फूट. ३.४ मीटर म्हणजे अकरा फुटांहून जास्त. म्हणजे फळी काढली ते बरोबरच होतं, आणि मी भांडले ते चूक.

पण फळीबरोबर दुसरंही काही गेलं आणि ते मला अजून खुपतं. फळी होती तेव्हा तिथं एक माणूस उभा असायचा. शिट्टी वाजवणारा, एकावेळी एकालाच वर सोडणारा, आधीचा काठाला लागल्याशिवाय दुसऱ्याला सोडणारच नाही असा. तीन महिने काठावर बसवणारा. फळी गेली, तो माणूस गेला आणि सूर शिकवणंही थांबलं. मुलांची हौस मात्र कुठंही गेलेली नाही. ती आता फोनवर बघून शिकतात आणि उथळ बाजूच्या कठड्यावरून पाण्यात शिरतात. भिंतीवर 'सूर मारू नये' अशी पाटी लावली की आपलं काम झालं, असं कसं म्हणायचं? त्या पोराला किती खोल पाण्यात मारू नये आणि किती खोल पाण्यात मारावा, हे कुणीतरी शेजारी उभं राहून सांगायला नको का?

म्हणून मी दर रविवारी सकाळी अर्धा तास नुसता सूर शिकवते, काठावरून, खोल बाजूला. पहिल्या दिवशी पाण्यात कुणीच शिरत नाही. माझ्याकडे एक बारा फुटांचा बांबू आहे, प्रत्येक फुटाला वेगळ्या रंगाचा पट्टा. मुलं तो घेऊन तलावाला फेरी मारतात, दर चार पावलांवर पाण्यात सोडतात आणि आकडा ओरडतात. मग खडूनं काठावर लिहितात. नऊ फुटांच्या आत डोकं पुढे करून शिरायचं नाही, आणि नऊच्या पुढे शिरायचं तेसुद्धा काठावरून, न पळता. नवं पाणी असेल, मग ते हॉटेल असो, ओढा असो, मामाची विहीर असो, पहिल्यांदा पायऱ्यांनी किंवा शिडीनं उतरायचं आणि तळाला पाय लावून यायचं. मागच्या वर्षी इथंच मारला होता, हे कारण चालत नाही. विहिरीला तर मुळीच नाही.

दुसऱ्या रविवारी पालकांनाही थांबवून घेते. कुणी पालथा तरंगताना दिसला तर ओढायचं नाही. सावकाश पाण्यात उतरायचं, लाटा न करता. त्याचे दोन्ही हात त्याच्या डोक्याच्या बाजूंनी वर घ्यायचे आणि दंडांनी डोकं घट्ट दाबून धरायचं, म्हणजे मान धडाच्या रेषेत राहते. मग पुढे सरकत सरकत त्याला आपल्याकडे उताणं वळवायचं. श्वास चालू असेल तर तिथंच पाण्यावर तरंगत ठेवायचं, दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा आणि फळीसारखं स्ट्रेचर येईपर्यंत हलायचं नाही. श्वास नसेल तर मात्र मानेचा विचार मागे टाकून जपून पण लगेच बाहेर काढायचं, कारण श्वास आधी. हे आम्ही एकमेकांवर करून बघतो. एक बाबा दर वेळी लाजत बाजूला उभे असतात, मी त्यांनाच आधी पाण्यात उतरवते.

माझा भाऊ आता मोहोळला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतो. कोपर वाकतं, मनगट उचलतं, बोटं चालत नाहीत. तळहाताला पट्ट्यानं बांधलेल्या काडीनं तो कीबोर्डवर एकेक अक्षर टाकतो आणि दाखल्याच्या एकाही फॉर्मात त्याची चूक निघत नाही. बांबूची कल्पना त्याचीच. मी टेप वापरायची, तो म्हणाला, पोरांना आकडे वाचायला लावू नकोस, रंग दे, लांबून दिसतात. पाच फुटांचा पट्टा लाल त्यानंच ठरवला.

त्या दात पडलेल्या मुलीला मी पुढच्या रविवारी बोलावलंय. सूर कुठून मारायचा ते तिला बांबू देऊनच सांगेन. फक्त लाल पट्टा गेल्या मोसमात पार पुसट झालाय, तो आज संध्याकाळी रंगवून रात्रभर वाळत ठेवायचा आहे.